दोनदा झोपलेली मरळ

पवनीतल्या समस्त मांजरींना माझा पत्ता पाठ आहे. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की त्याच्यामागे पाच-पन्नास मांजरी शेपट्या उभारून चालू लागतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाची वरात निघाली आहे. एकदा तर एका बोक्यानं माझ्या रजिस्टर पत्राची सहीसुद्धा करून दिली असती, पण त्याच्याजवळ पेन नव्हता. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेलं निम्मं खरं आहे, कारण माझ्या नावानं जे टपाल येतं त्याला खरोखरच मासळीचा वास असतो.

मी एका छंदी मंडळाच्या छापील पत्रकाचा संपादक आहे. मंडळ आहे गरीनं, म्हणजे गळ टाकून, मासे धरणाऱ्यांचं. पोटासाठी मासे धरणारे वेगळे. ते जाळं टाकतात आणि कमी बोलतात. आम्ही हौशी. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी मास्तर. रविवारी काठी घेऊन वैनगंगेच्या नाहीतर एखाद्या तलावाच्या काठावर बसायचं, दिवसभरात बोटभर मासोळी धरायची आणि आठवडाभर ती हातभर करून सांगायची, एवढंच आमचं काम. हे सांगणं फार वाढलं, मारामाऱ्या व्हायची वेळ आली, तेव्हा मंडळाच्या संस्थापकांनी एक पद्धत घालून दिली. ते तेव्हा पोस्टमास्तर होते, त्यामुळे शिक्का बसल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत.

पद्धत अशी. मासा बाहेर काढला की तो वर्तमानपत्राच्या कागदावर आडवा झोपवायचा. पंख पसरायचे. पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ ओढायची, तोंडापासून शेपटीपर्यंत. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. याला आम्ही आखणी म्हणतो. मासा मग कढईत जावो की शेजाऱ्याकडे, आखणी मात्र संपादकाकडे यायची, आणि तिची लांबी विती-बोटांत पत्रकात छापून यायची. छापून आलं नाही तोवर मासा धरलाच नाही, असं समजायचं. आमचे एक सभासद तर बायकोनं केलेली भाजीसुद्धा अंक आल्याशिवाय मान्य करत नसत.

आणि पोस्टमास्तरांनी दुसरा नियम केला, ज्यानं माझं वाटोळं झालं. ज्याचा मासा सगळ्यांत लांब, तो अव्वल. अव्वल माशाचं चित्र लहान करून पत्रकाच्या पहिल्या पानावर, आणि पत्रक त्याच्या घरी. म्हणजे संपादक तोच. कुणी त्याहून लांब मासा आणला की चित्र बदलणार आणि पत्रकही घर बदलणार. मतदान नाही, भांडण नाही, राजीनामा नाही.

तेव्हा संपादक होणं म्हणजे काय होतं, हे आज सांगून पटायचं नाही. पवनीच्या बाजारातून संपादक निघाला की भाजीवाल्या कोथिंबीर जास्त घालत. मला ती कोथिंबीर हवी होती.

तर एका सकाळी मला घाटाखाली एक मरळ लागली. चांगली होती. तीन विती. पण तेव्हाचा अव्वल मासा साडेतीन वितींचा होता, आणि मी कोष्ट्याचा मुलगा. वडील मागावर बसायचे, सुताला लावायची खळ घरात नेहमी कालवलेली असायची. मी दोन वर्तमानपत्रं खळीनं जोडली, मरळ त्यावर झोपवली आणि तोंडाकडून रेघ ओढत निघालो. अर्ध्यात आलो तेव्हा मरळीनं अंग झटकलं आणि बोटभर शेपटीकडे सरकली. शपथेवर सांगतो, पहिली बोटभर ती स्वतः सरकली. उरलेल्या अडीच विती मी सरकवली. मधली रेघ अंदाजानं जुळवली आणि पुन्हा आखत शेपटीपर्यंत गेलो. मासा तोच, फक्त दोनदा झोपला. साडेपाच विती.

साक्षीदार दोन. एक नदीत डोंगा चालवणारा म्हातारा, त्यानं चहा पिता पिता अंगठा दिला. दुसरा माझा साळा, त्यानं न बघता सही केली. तो स्वतःच्या बहिणीचं म्हणा की माझं म्हणा, कुणाचंच काही बघून घेत नाही. म्हातारा पुढं वारला. साळा सुरतेला गेला आणि तिथलाच झाला.

मी संपादक झालो. कोथिंबीर मिळाली. पहिली दोन वर्षं फार मजेत गेली.

याला आता सोळा वर्षं झाली. साडेपाच वितींची मरळ वैनगंगेत नाही, धरणात नाही, जिल्ह्याच्या एकाही तलावात नाही. मी माझ्या हातानं अशी भिंत बांधली की तिच्यावरून कुणाला येता येईना आणि मला जाता येईना.

मधल्या काळात जग मोबाइलमध्ये गेलं. मला वाटलं, सुटलो. मी हौसेनं मंडळाचा व्हाट्सॲप ग्रुप काढला आणि जाहीर केलं की आता फोटो टाका, कागद बंद. आठ दिवसांत ग्रुपवर जे मासे आले ते पाहून समुद्रानं लाजून मागं हटावं. दोन्ही हात कॅमेऱ्याकडे लांब करून धरलं की तळहाताएवढी मासोळी वासराएवढी दिसते, हे गुपित सगळ्यांना एकाच रविवारी कळलं. एकानं तुमसरकडच्या तलावात धरलेल्या कतला माशाचा फोटो टाकला. मागं नारळाची झाडं होती आणि लाटा फुटत होत्या. त्यावरून पंधरा जण ग्रुप सोडून गेले, सतरा परत आले. शेवटी सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की मोबाइलवर काहीही दाखवता येतं, खरं तेच जे छापून येतं. छापील ते खरं, असं ज्या पत्रकाबद्दल ठरलं त्याच्या पहिल्या पानावर माझी मरळ होती. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग छापखाना. आमच्याकडचा छापखानेवाला फ्लेक्सच्या धंद्यात गेला. जुनं यंत्र त्यानं माझ्या पत्रकापुरतं ठेवलंय आणि दर तीन महिन्यांनी ते सुरू करताना माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की जणू मी त्याच्या म्हाताऱ्या आईला धान रोवायला लावतोय. साठ प्रती. घडी मी घालतो, पत्ते मी लिहितो, तिकिटं मी चिकटवतो. एक आठवडा उशीर झाला की चिखल्याहून फोन येतो. तिथले एक सभासद मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरतात. खाली मोबाइल लागत नाही, म्हणून जेवणाच्या डब्यासोबत पत्रकाची घडी नेतात आणि सुटीच्या वेळात चार जणांना वाचून दाखवतात. ते फोनवर नमस्कार म्हणत नाहीत. "अंक काहून नाही आला जी?" एवढंच, आणि मग गप्प. त्या गप्प बसण्याचा मला जेवढा धाक आहे तेवढा माझ्या वडिलांचाही नव्हता.

आणि खरी गंमत पुढं आहे. साड्यांचं दुकान सहा दिवस. सातव्या दिवशी आखण्या मोजा, मजकूर लिहा, पत्रं वाचा. सोळा वर्षांत मी एकदाही गरी पाण्यात टाकलेली नाही. माझी वेळूची काठी माळ्यावर आहे, तिच्यावर कोळ्यानं तीन पिढ्या वाढवल्या. घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसावं, दोरीवरच्या तरंग्याकडे बघत दुपार घालवावी, घरी रिकाम्या हातानं यावं, एवढंच मला पाहिजे होतं. बायको म्हणते, "तुमी मासोळी धरली का मासोळीनं तुमाले धरलं, एकदा ठरवा." सोळा वर्षं ठरवतोय.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर धान कापून झालं तेव्हा सिहोऱ्याच्या ताई आल्या. मंडळातल्या त्या एकट्या बाई. शेती आहे, शेताच्या कडेला स्वतःची बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं, आणि नवऱ्याला मासे धरण्यात रस नाही म्हणून गरी त्यांच्याच हातात. दोन एस.टी. बदलून आल्या होत्या. काखेत खताच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. दुकानातल्या गिऱ्हाईकाला साडी दाखवत होतो, तिच्यासमोरच त्यांनी तो फरशीवर पसरला.

मी आजवर हजार आखण्या पाहिल्या आहेत, पण अशी नाही. पेन्सिल कुठं थांबलेली नव्हती. मरळीच्या शेपटीचा फाटका काठसुद्धा जसाच्या तसा. चार विती दोन बोटं. खरी. मी गुडघ्यावर बसून तीनदा मोजली. गिऱ्हाईक साडी न घेता गेलं, मला समजलंसुद्धा नाही.

"अव्वल होते का जी, दादा?" त्यांनी विचारलं.

मी वर भिंतीकडे पाहिलं. अव्वल आखणी संपादकाच्या घरी लावायची असते, तशी माझी मरळ दुकानात, नऊवारीच्या गठ्ठ्यांच्या वर, काचेत लावलेली आहे. ताईंनीही पाहिलं. पदर खोचला, स्टुलावर चढल्या, काचेला नाक लावलं आणि इतका वेळ उभ्या राहिल्या की खाली मी त्या साडीची घडी तीनदा घातली. कल्ल्याखालचा पंख माशाला दर बाजूला एकच असतो. माझ्या मरळीला एकाच बाजूला दोन होते. मी अडीच विती सरकवली तेव्हा पंखही सोबत सरकला होता आणि मी हावरटासारखा तो पुन्हा आखला होता. सोळा वर्षं ती काचेत टांगलेली, सोळा वर्षं पहिल्या पानावर, आणि मासे धरण्यात केस पिकवलेल्या माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

ताई स्टुलावरून उतरल्या. "तुमची मासोळी दोनदा झोपली, दादा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजी खारट झाली तर सांगावं तसं सांगितलं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. डोंगेवाला, साळा, खळ, कोथिंबीर, सगळं. सांगताना अंगावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. मी विचारलं, पत्रक सांभाळाल का? त्या म्हणाल्या, शेतीचा हिशोब ठेवतात, बचतगटाची वही ठेवतात, चार पानं काय जड आहेत? फक्त पहिल्या पानावर त्यांची मरळ आली पाहिजे. गावात सगळे म्हणतात, बाईमाणसाला एवढी मोठी मासोळी लागूच शकत नाही. छापून आली की ती पानं त्या एकेकाच्या दारात वाचून दाखवणार होत्या.

पुढच्या अंकात मी कबुली छापली. दुसऱ्या पानावर, चौकटीत. अव्वल मरळ मी कागदावर सरकवून वाढवली, ती रद्द समजावी, खरी अव्वल आखणी सिहोऱ्याची, येत्या वार्षिक सभेत पत्रक त्यांच्या स्वाधीन करीन. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट न वाढवता लिहिली होती. माळ्यावरून काठी काढली, कोळ्याची क्षमा मागितली, नवी दोरी बांधली. सभेच्या दुसऱ्या दिवशी घाटावर जायचं ठरवलं होतं.

अंक गेले आणि पत्रं येऊ लागली. मी म्हटलं, शिव्या असतील. पहिलं पत्र उघडलं. एका सभासदानं लिहिलं होतं की त्या दिवशी ते योगायोगानं घाटावर होते आणि साडेपाच विती हा आकडा कमीच आहे, संपादकांनी नम्रपणा करू नये. दुसऱ्यानं लिहिलं की मासा ओढताना त्यांनी स्वतः माझी कंबर धरली होती. तिसऱ्याला मरळीच्या उडीनं भिजल्यामुळे तीन दिवस ताप होता. आठवड्याभरात मला अकरा साक्षीदार मिळाले. ज्या घाटावर त्या सकाळी मी, म्हातारा आणि साळा एवढेच होतो, तिथं आता इतकी गर्दी झाली की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

सभा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झाडाखाली असते. मी काचेसकट आखणी घेऊन गेलो. सगळ्यांसमोर दोन्ही पंखांवर बोट ठेवलं. ताईंची आखणी शेजारी पसरली. चिखल्याचे सभासद उठले, गमछा खांद्यावर टाकला.

"मी होतो त्या दिवशी घाटावर," ते म्हणाले. "शेपटी हलली तं माहा गमछा उडून पल्याड गेला."

"तुमी तं खाणीत होते जी," मी म्हणालो. "तुमी मंडळात आले बी नव्हते अजून."

"खाणीतूनच पाह्यलं," ते शांतपणे म्हणाले आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. एकेक जण उठून साक्ष देऊ लागला. मी ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि हळूहळू मला दिसू लागलं. त्या मास्तरांचा चार वितींचा रोहू, ज्याला शेपटीआधी कंबर दोनदा आली होती. त्या किराणावाल्याची वाम, जी जेमतेम दोन वर्तमानपत्रं लांब होती आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या. मी सगळे मासे छापले होते. छापताना ओळखलंही होतं, पण बोलणार कोणत्या तोंडानं? माझी मरळ उचकटली तर सोळा वर्षांतल्या सगळ्यांच्या काचा भिंतीवरून उतरतील. माझं खोटं आता माझं राहिलंच नव्हतं. त्यावर साठ घरं उभी होती.

शेवटी सगळ्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. ते आता फार थकलेत, त्यांना खुर्चीसकट आणावं लागतं. त्यांनी दोन्ही आखण्या मांडीवर घेतल्या, चष्मा पुसला.

"ते दोन पंख मी पहिल्याच दिवशी पाह्यले होते," ते म्हणाले. "म्हटलं, ज्याले तीन वितीची मासोळी साडेपाच करता येते, त्याले चार पानं भरता येतील. पत्रक चालवाले असाच माणूस लागते. राहू द्या."

टाळ्या पडल्या. मी पोस्टमास्तरांकडे बघतच राहिलो. मासा मी धरला होता असं मी सोळा वर्षं समजत होतो. गरी त्यांची होती.

जेवणाच्या पंगतीत मी ताईंच्या शेजारी बसलो. आता एकच वाट होती, आणि मी ती हळूच सुचवली. त्यांनी तीच मरळ पुन्हा आखून पाठवावी. कागद मी देतो, खळ मी देतो. मधल्या रेघेचा मला अनुभव आहे. पावणेसहा विती. कुणाचा बाप बोलणार नाही. त्या अव्वल, मी मोकळा.

त्यांनी वरणभात कालवता कालवता ऐकून घेतलं.

"माही मासोळी एकदाच झोपली, दादा," त्या म्हणाल्या. "आन मंग आमी खाल्ली. तिले आता कायले उठवता?"

मी वरण वाढून घेतलं. मग त्याच म्हणाल्या की जुनं राहू द्यायचं तर राहू दे, पण पुढच्या आखण्यांना तरी एक नियम करा. तोंडापासून शेपटीपर्यंत एक सुताचा दोरा माशावरच लावायचा, तेवढाच तोडायचा आणि आखणीला टाचून पाठवायचा. आणि संपादकानं पंख मोजायचे. मी उठून लगेच तसा ठराव मांडला. मागचं मागं, पुढचं दोऱ्यानं. आश्चर्य म्हणजे तो एकमतानं पास झाला. मागचं वाचलं याचा सगळ्यांना एवढा आनंद झाला होता की त्यांनी काहीही पास केलं असतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. एस.टी.त बसल्यावर, पवनी यायच्या आधी, लक्षात आलं, मी काय केलं ते. खोट्या मासोळीनं माझी मरळ कधी ना कधी ओलांडली असती. हावरट माणसं आहेत, एखादा सहा वितींवर गेलाच असता. खरी मासोळी ती कधीच ओलांडणार नाही. दाराला कुलूप मी पूर्वीच लावलं होतं, आता किल्लीही सभेत मंजूर करून नदीत टाकली.

पहिलं पान मला ताईंना देता आलं नाही. नियम आडवा आला. पण अंकासोबत वेगळा कागद जोडू नये असा नियम पोस्टमास्तरांनी केलेला नाही. मी ताईंची आखणी लहान न करता होती तेवढीच, चार विती दोन बोटं, छापून घेतली. छापखानेवाल्याकडे एवढा लांब कागद नव्हता, म्हणून दोन तुकडे. साठ अंकांच्या आणि पाच जास्तीच्या, अशा पासष्ट प्रतींचे एकशेतीस तुकडे मी घरी खळीनं जोडले, वडील सुताला लावायचे तशी पातळ खळ, आणि घडी घालून प्रत्येक अंकात ठेवले. हा सांधा मात्र कुणीही नाक लावून बघावा. त्या पाच जास्तीच्या प्रती ताईंना पाठवल्या. त्यांनी फोन करून सांगितलं की एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली आहे, आणि सरपंच रोज तिच्यासमोरून जाताना दुसरीकडे बघतात.

चिखल्याहूनही फोन आला. मी म्हटलं, आता काय. "तो लांब कागद खाली उलगडला," ते म्हणाले. "चार जण लागले धराले." मग गप्प. आणि मग, "पुढचा अंक कवा?"

या तीन महिन्यांत ज्या आखण्या आल्या आहेत त्यांना दोरे टाचलेले आहेत. जिल्ह्यातली मासळी एकाएकी आखूड झाली आहे. मास्तरांचा रोहू दोन वितींवर आला, किराणावाल्याची वाम एका वर्तमानपत्रात मावली. माझी काठी पुन्हा माळ्यावर गेली. कोळी आधीच वाट बघत होता. आज रविवार. पोस्टमन कालच येऊन गेला, मांजरी अजून ओट्यावर बसल्या आहेत. सिहोऱ्याहून एक गुंडाळी आहे. उलगडली, दोरा लावला. तीन विती सहा बोटं. पंख मोजला, एकच आहे. आता पत्ते लिहायला घेतो.